सात किलो ओढ

इनास पाववाल्याची गाडी आरवलीच्या चढावर
पहाटे पावणेपाचला बसली.
हेडखालून तेलाचा काळा ओघळ,
मागच्या टोपलीत दोनशे पाव
निवत चाललेले.

चूक माझी होती. मी ती दुपारी कबूल केली.

रुजायमास्तर काही बोलले नाहीत.
हेड उतरवलं, रॉकेलनं धुतलं,
मोडक्या शोकेसची काच काढून बाकड्यावर आडवी ठेवली,
तिच्यावर हेड पालथं घातलं
आणि पलीकडून बॅटरी धरली.
"बघ गो, उजेड खयसून येता."
एका कोपऱ्यात केसाएवढी फट.

"पयलो नट तू पुरो आवळलंस, मगे दुसरो.
तो कोपरो बसलो, समोरचो उठलो.
ॲल्युमिनियम ता. ताका राग येता, पण सांगना नाय."

मला आठवलं: त्या संध्याकाळी
साडेसहाची एसटी गाठायची होती.

दोन दिवस काचेवर पॉलिशपेपर चिकटवून
मी हेड घासत बसले,
आठाच्या आकड्यात, आठ, पुन्हा आठ,
मुळीच दाब न देता,
चारी कोपऱ्यांना सारखी चकाकी येईतो.
मिठागरांवरून वारा यायचा,
खारा, लोखंडाच्या वाईटावर टपलेला.
स्टडच्या आट्यांत त्यानं तांबूस पीठ भरून ठेवलेलं.
ते तारेच्या ब्रशनं काढलं,
प्रत्येक आट्यावर तेलाचा एकेक थेंब.
"गंजाक फसा नको," मास्तर म्हणाले,
"हाताक घट्ट लागता, आत ढिला ऱ्हवता."

राहिलं माप.
मास्तरांचा टॉर्क पाना दोन वर्षांपूर्वी फरशीवर पडला,
तेव्हापासून त्याचा काटा खोटं बोलतो.
आधी त्यांच्या मनगटातच माप असायचं.
आता चहाची बशीसुद्धा
ते दोन्ही हातांनी धरतात.

मग मी आईचा ताणकाटा आणला,
बांगडे तोलायचा.
नटाच्या मध्यापासून पान्यावर बरोबर एक फूट मोजलं,
तिथं हूक अडकवला,
काटकोनात, झटका न देता,
ओढ सरकती राहील अशी.

पहिल्या फेरीला अडीच किलो.
एक, मग त्याचा तिरका समोरचा,
उरलेल्यांतला एक, मग त्याचा समोरचा.
होडी वाळूवर चढवताना
एका बाजूचे गडी जोरात निघाले की ती कलंडते,
तसंच हे.

दुसऱ्या फेरीला पाच.

तिसरीला सात, आणि सातावर थांबायचं.
इथं माझा हात ऐकेना.
तो म्हणत होता, आणखी थोडं,
रस्ता खराब आहे, इनास दोन टोपल्या लादतो,
आणखी अगदी थोडं.
मास्तर बघत होते, दाराशी, बिडी न पेटवता.
मी सोडलं.
काटा हलका होऊन शून्यावर गेला
आणि गॅरेजभर बांगड्यांचा वास राहिला.

गाडी दुसऱ्या किकला लागली.
मी हेडच्या कडेनं बोट फिरवलं: कोरडं.
इनासला सांगितलं, पाचशे किलोमीटरांनी ये,
रात्रभर उभी केलेली, थंड गाडी घेऊन ये.
तो आला पाचशे बाराला,
उशीर झाला म्हणून सहा पाव घेऊन.
पुन्हा तीच फेरी, तिरकी, थंड इंजिनावर.
एक नट दोन केस सरकला,
बाकीचे जागेवर.

ताणकाटा आईला परत दिला, पुसून.
पण हुकाच्या वळणात काळं राहिलंच.
शनिवारी बाजारात एक गिऱ्हाईक म्हणालं,
ह्या बांगड्यांना इंजिनाचा वास येतो.
"येतलोच," आई म्हणाली,
"माझ्या चेडवान ह्येच्यावर इंजिन तोलला.
किलोभर घालू?"